सेफ्टी आणि खालची खोली

सेफ्टी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा चहाच्या आधी तिने गॅसची नळी बघितली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाकीच्या बायका हॉलमध्ये बसून वाणाच्या पुड्या चाचपत होत्या, आणि ही काठापदराच्या साडीत ओट्यापाशी उकिडवी बसून खाली डोकावत होती. मी विचारलं, "काही पडलं का गं?" तर म्हणाली, "नाही हो काकू. ही नळी बदलायला झालीय. बोट फिरवून बघा, चिरा लागतील." मी बोट फिरवलं. चिरा लागल्या. मग ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन शांतपणे तिळाची वडी खात बसली. दुसऱ्या दिवशी नळी बदलली की नाही, हे विचारायला तिचा फोन आला होता. वडी छान झाली होती, हे तिने फोन ठेवता ठेवता सांगितलं.

नाव तिचं चांगलं होतं, देवीचं. पण दोह्यातल्या आम्हा मराठी बायकांत ते कुणी घेत नसे. दोह्याजवळच्या मेसईदला खताच्या कारखान्यात ती सेफ्टी ऑफिसर होती, म्हणून सेफ्टी. लहान बायका सेफ्टीताई म्हणायच्या, मी नुसतंच सेफ्टी. तिथेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची आणि सुटीच्या दिवशी बसने दोह्याला यायची. नवरा नाशिकला, त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. इथे बहुतेक घरांत नोकरी नवऱ्याची आणि बायको त्याच्या व्हिसावर, हिचं उलटं. कुणी ना कुणी खोचून विचारायचंच, "ह्यांना का नाही आणत इकडे?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "आणलं होतं की. एसीत बसून कंटाळले. त्यांना भांडायला गिऱ्हाईक लागतं." पुढे विचारायला जागाच ठेवायची नाही.

कारखान्यात आपण कुणाला आवडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. "मी लांबून दिसले की माणसं हेल्मेटचा पट्टा लावतात," म्हणायची. "मनातून शिव्या देत असतील. देऊ देत. पट्टा लागला ना, खलास."

आता दहलचं सांगते. कतारात डोंगर म्हणून नाही. जिकडे बघावं तिकडे परातीसारखा सपाट माळ. आणि सेफ्टी लग्नाआधी नाशिकच्या आसपासचे कडे दोर लावून चढलेली. तिला इथे आल्यावर पायाखालची जमीन गिळायला उठायची म्हणे. मग कुणीतरी तिला सांगितलं, की वाळवंटात काही ठिकाणी जमिनीला भोकं आहेत, आत गुहा आहेत, इथले लोक त्याला दहल म्हणतात. ती म्हणाली, "वर जायला काही नाही ना इथे, मग मी खाली जाते." आणि गेली.

आमची दहल दोह्यापासून गाडीने तासाभरावर होती. पार काठाशी जाईपर्यंत दिसत नसे. तोंडाशी पारवे, त्याखाली वाळूची घसरण, आणि घसरण संपली की एक भलीमोठी गुहा. हिला आम्ही वरची खोली म्हणायचो. दुपारी तोंडातून तिरकं ऊन आत आलं की भिंती खडीसाखरेसारख्या चकाकायच्या. जिप्सम असतं ते, सेफ्टीने सांगितलं होतं. या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एक सरळ खाली गेलेला आड होता. तोंड एवढं अरुंद, की जाड माणसाने नादच करू नये. त्याच्या तळाशी खालची खोली. ती आमच्यापैकी कुणी बघितली नव्हती. सेफ्टीने पहिल्याच वेळी दोरीला दिवा बांधून आत सोडला होता, आणि दिवा खाली पोचल्यावर छतावर उजेड हलला. नुसता पडला नाही, हलला. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "खाली पाणी आहे."

त्या दिवसापासून तिला एवढं एकच हवं होतं. दुसरं काही मागताना मी तिला बघितलं नाही. "काकू, या देशात आपण पितो ते पाणी समुद्राचं, मशिनीत घालून काढलेलं. हे कुणी काढलेलं नाही, कुणी भरलेलं नाही. मला एकदा त्यात हात बुडवायचाय." माझी सून अनघा म्हणाली, "मग उतरा ना ताई, दोर आहे ना." सेफ्टी म्हणाली, "दोर आहे. वर कोण आहे?" म्हणजे असं, की खाली माणूस अडकलं तर वरून त्याला ओढून काढणारं कुणीतरी शिकलेलं हवं. तशी माणसं तिने आमच्यातूनच तयार करायला घेतली.

पहिल्या हिवाळ्यात गाड्या भरभरून बायका आल्या होत्या. काठावर पोचल्या पोचल्या तिने हुकूम सोडला, की गळ्यात, कानात, हातात जे लोंबतं ते सगळं काढा. दोरावरच्या कडीत काही अडकलं तर आधी गळा आवळतो. झालं. बांगड्या निघाल्या, कानातली निघाली, आणि मंगळसूत्रापाशी सगळ्या थांबल्या. निशिगंधा तर रडकुंडीला आली. अल दुहैलला राहते, बँकेत आहे, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. "मी आत टाकते ना ताई टीशर्टमध्ये, वरून पिन लावते."

सेफ्टी म्हणाली, "नवऱ्याला फोन लाव. विचार, काढू का. हो म्हणाला तर काढ. नाही म्हणाला तर बोलव त्याला इथे, आपण त्यालाच सोडू खाली."

निशिगंधाने खरंच फोन लावला. तो बिचारा मीटिंगमध्ये होता, त्याला काही कळेना. काढ बाई, काय ते काढ, म्हणाला. तोवर सेफ्टीने स्वतःचं काढून पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं. मग एकेक करत सगळ्यांची त्यात आली, झाकण लागलं आणि डबा माझ्या मांडीवर. तेव्हापासून डबा माझ्याकडे आणि गाडीची किल्लीही माझ्याच गळ्यात. कारण दोराचं एक टोक वर गाडीला बांधलेलं असायचं आणि दोराला माणूस असताना कुणी सवयीने गाडी सुरू केली तर काय, हा तिचा विचार. माझे गुडघे आडात उतरायचे नाहीत, पण वाळूच्या घसरणीवर बसून, दोर धरून, मी वरच्या खोलीपर्यंत जायची. नातवाने घरी जाहीर केलं होतं, "आजी इज द बॉस ऑफ द होल." मुलगा मात्र म्हणायचा, आई, या वयात लोक देवदर्शनाला जातात.

तिची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे तपासणी. दोरावर जाणाऱ्या प्रत्येकीला दुसऱ्या कुणीतरी तपासायचं. पट्टे, कड्या, गाठी, हेल्मेट, सगळं हात लावून. आणि तपासून झाल्यावर "चालेल" म्हणायची सक्त मनाई. मराठी माणूस न बघता चालेल म्हणतो, असं तिचं म्हणणं. "जेवायला काय करू, चालेल. लग्न ठरवू का, चालेल. इथे चालेल नाही. बघितलं म्हणायचं. बघितलं नसेल तर बघितलं नाही म्हणायचं, आणि ती बाई जागची हलणार नाही. मग तपासणारी कुणी का असेना." सगळ्यात शेवटी हाताची पकड. तपासणारीने दोन बोटं पुढे करायची, जाणारीने ती आधी डाव्या मुठीत दाबायची, मग उजव्या. दोरावर ब्रेक उजव्या हातात असतो, ती पकड सुटली की माणूस थेट खाली. निशिगंधाने विचारलं, हे तुमच्या कंपनीत आहे का? "कंपनीत नाही. माझ्यात आहे," म्हणाली.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत गाड्यांतली गर्दी ओसरली. अनघा आणि निशिगंधा तेवढ्या टिकल्या, आणि मी डब्यावाली. दोघींचे हात बसले होते, सेफ्टीने खडकात बोल्टही ठोकले होते. सगळी तयारी झाली आणि आडात हवा तपासायचा मीटर सोडला तर तो कोकलायला लागला, म्हणजे खालची हवा श्वासाला धोक्याची. हा मीटर तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता. कंपनीचा मीटर खाजगी कामाला नेणं तिच्यात बसत नव्हतं. तिने मीटर वर काढला, दोर गुंडाळायला घेतला. आम्ही नुसत्या बघत राहिलो. "चला, यल्ला. पुऱ्या आणल्यात ना?" एवढंच म्हणाली. पुढच्या वेळीही मीटर कोकलला, त्याच्या पुढच्या वेळीही. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात तिकडे फिरकायची सोय नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत कंपनीने तिला कळवलं, की कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. हिवाळा संपता संपता परत जायचं. तिने ते मला चकल्या तळताना सांगितलं, म्हणजे मी तळत होते आणि ती कढईचा दांडा आत वळवून ठेवत होती. मी म्हटलं, आता गं? ती म्हणाली, "आता नाशिक. पण त्याआधी खालची खोली."

तो शुक्रवार मला चांगला आठवतो. थंडी होती, वारा पडलेला. वाटेत गाडी थांबवून चहा घेतला तेव्हा सेफ्टीने कप दोन्ही हातांत धरला होता, ते मी बघितलं. थंडीने असेल म्हणून सोडून दिलं. दहलवर पोचलो, डबा भरला, किल्ली माझ्या गळ्यात आली, मी घसरणीवर बसून खाली गेले. आडात मीटर सोडला. आम्ही चौघी कान देऊन बसलो. मीटर गप्प. सेफ्टीने तो वर काढला, आकडा बघितला, पुन्हा सोडला. पुन्हा गप्प. मग ती हसली. दात दिसतील असं हसताना मी तिला तेव्हाच बघितलं असेन.

आधी ती उतरणार, मागून अनघा, वर निशिगंधा आणि मी, असं ठरलेलं. अनघा-निशिगंधा दोर लावत होत्या, म्हणून तिची तपासणी माझ्याकडे आली. पट्टे बघितले. कड्या बघितल्या. गाठ बघितली. मी दोन बोटं पुढे केली. डाव्या हाताने दाबली तर माझी अंगठी रुतली. मग उजवा. झोपलेलं मूल बोट धरतं ना, तसं.

"परत दाब," मी म्हटलं.

तिने ओठ मिटून जोर लावला. तेवढंच.

"कधीपासून?"

"पॅकिंग चाललंय ना काकू. खोकी उचलून हात भरून आलाय."

"कधीपासून गं?"

"दिवाळीपासून. सकाळी मुंग्या येतात. मग जातात." आणि मग हलक्या आवाजात, दुसऱ्या दोघींना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "चालेल."

मी म्हटलं, "बघितलं नाही."

अनघाचा हात दोरावर थांबला. निशिगंधा माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं मी चष्म्याबद्दल बोलतेय. सेफ्टी म्हणाली, "काकू, मी परत येणार नाहीये. व्हिसा संपतोय माझा." मी म्हटलं, "माहीत आहे मला." ती म्हणाली, "ब्रेक डाव्या हातात घेईन. मला येतं तसं." यावर जे बोलायचं ते तिनेच आम्हाला दोन हिवाळे ऐकवलं होतं. तिला अडवणारं तिथे कोण होतं? मी सत्तरीला आलेली बाई, मांडीवर डबा घेऊन वाळूत बसलेली. ती उतरली असती तर आम्ही तिघी नुसत्या बघत राहिलो असतो.

तिने कमरेचा हार्नेस सोडला. कडी डाव्या हाताने उघडली.

निशिगंधाने हळूच विचारलं, "मग आज कुणीच नाही का?" सेफ्टी आडाच्या तोंडाशी जाऊन बसली होती. मग म्हणाली, "का? तुम्ही दोघी तयार आहात. मी केलंय तयार." आणि माझ्याकडे वळून, "काकू, अनघा एकटी उतरेल. दुसरा दोर तिच्या कमरेला, तो निशिगंधाकडे. तुमची सून आहे. तुम्ही बोला."

एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नाही म्हणाले मी, आणि आता आडात जाणार माझ्या घरातली. मी अनघाकडे बघितलं. ती म्हणाली, "आई, तपासा मला." मी तपासलं. जरा जास्तच वेळ लावला. दोन्ही हातांची पकड बघितली आणि बघितलं म्हटलं.

ती आत गेली. हेल्मेट दिसेनासं झालं, मग दिवाही. निशिगंधा दोर सोडत होती आणि सेफ्टी तिच्या शेजारी पालथी पडून आडात तोंड घालून विचारत होती. पाय कुठेयत. श्वास कसा आहे. मीटर काय म्हणतोय. दोर घासतोय का कुठे. सगळं कामाचं. खालून आवाज आला, "टेकले. पाय टेकले ताई." सेफ्टी म्हणाली, "मीटर बघ." "ठीक आहे." "परत बघ." मी वाट बघत होते, की आता ती विचारेल. ती विचारेना. शेवटी अनघाच ओरडली, "ताई, पाणी आहे. गुडघाभर आहे. तळ दिसतोय."

सेफ्टीने डोळे मिटून घेतले असतील किंवा नसतील, तिचं तोंड आडात होतं. "बरं," म्हणाली. "बघून घे. मग वर ये, घाई करू नको."

अनघा वर आली तेव्हा कोपरं खरचटलेली, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीत खालचं पाणी. तिने ती सेफ्टीपुढे धरली. "तुमच्यासाठी आणलंय. हात बुडवा ना ताई."

"बाटलीत कसला हात बुडवतेस," सेफ्टी म्हणाली. तिने बाटली घेतली, तोंडातून येणाऱ्या उन्हाकडे धरून बघितली, झाकण काढलं आणि पाणी आडात ओतून दिलं. "तिथलं तिथे राहू दे." अनघाला वाईट वाटलं असावं. ते बघून सेफ्टीने तिचं हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि म्हणाली, "उतरताना गुडघे फार वाकवतेस. पण चांगली गेलीस." परत येताना गाडीत तिने पुऱ्या खाल्ल्या, निशिगंधाला दोनदा वेग कमी करायला सांगितलं. माझ्याशी बोलली, पण बेताचं.

जायच्या आधी तिचं घर आवरायला आम्ही मेसईदला गेलो. हार्नेस आणि हेल्मेटं तिने अनघा-निशिगंधाला दिली. दोर दिला नाही. जमिनीवर पसरून कात्रीने त्याचे वीतभर तुकडे करत बसली. निशिगंधा म्हणाली, अहो ताई, महागाचा आहे, आम्ही वापरला असता. सेफ्टी म्हणाली, "याने काय काय सोसलंय ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. तुम्ही नवा घ्या." कात्री उजव्या हाताला झेपत नव्हती, म्हणून निम्मा दोर मी कापला. दोघींनी मिळून काम केलं, बोललो फार नाही. खालच्या खोलीचे फोटो बघायचे का, असं अनघाने विचारलं तर नको म्हणाली. विमानतळावर माझ्या पाया पडली आणि म्हणाली, नळी दोन वर्षांनी बदलायची असते, लक्षात ठेवा.

नाशिकला तिने डॉक्टरला हात दाखवला. मनगटात नस दाबली गेली होती, तिचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे. पोळ्या लाटते, गोल होत नाहीत, नवऱ्याच्या दुकानात बसते आणि वायरी नीट गुंडाळून ठेवत नाहीत म्हणून नोकरांना बोलते. अधूनमधून फोन येतो. आमच्या दोघी पुढच्या हिवाळ्यातही दहलला गेल्या, नवा दोर घेऊन. मी गेले नाही. माझी वयाची सबब सगळ्यांना पटली.

मध्यंतरी असंच बोलता बोलता मी तिला विचारलं, "रागावली होतीस ना गं माझ्यावर?"

"होते की," ती म्हणाली. "चांगली रागावले होते. तुम्ही बरोबर होता म्हणून जास्तच. नाशिकला डॉक्टरने सांगितलं ना, तेव्हाही रागच आला आधी. मग गेला." पुढे म्हणाली, "खाली जायचं मात्र मनातून जात नाही हो. त्यात तुमचा काही संबंध नाही. ते माझं आहे."

मी बरं म्हटलं. मागे तिच्या दुकानात कुणीतरी बल्ब लावून बघत होतं, ते विझव म्हणून तिने सांगितलं. मग मला म्हणाली, "अनघा आहे का घरात? तिला एक विचारा. पाणी गार होतं का कोमट?"

मी अनघाला हाक मारली. ती मुलांचे डबे भरत होती. म्हणाली, कोमट होतं आई, चांगलं कोमट, आंघोळीला घेतो तसं. मी तसं फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "मी इतकी वर्षं गार समजत होते."